मामा, उनकेश्वरला गेल्यावर पाठ मोकळी होते का?

हा प्रश्न भाच्याने विचारला तेव्हा तो नुकताच न्हाणीतून बाहेर आला होता. वय चोवीस. सकाळी उठल्यावर पहिला तासभर त्याला खाली वाकून मोजे घालता येत नाहीत. ताई पहाटे बंब पेटवते, दोन बादल्या कढत पाणी पाठीवर घेतलं की मग कुठे तो माणसात येतो. त्याचा हिशोब साधा होता. दोन बादल्यांनी एवढा फरक पडतो, तर उनकेश्वरला जमिनीतूनच गरम पाणी निघतं, तिथं आठ दिवस राहिलं तर काय होईल?

त्याचा हिशोब चुकलेला नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं, दोन डॉक्टरांचं डोकं खावं लागलं, आणि शेवटी त्याला घेऊन किनवट तालुक्यातल्या त्या कुंडावर जाऊनही आलो.

आधी आजार. नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. तोंडात बसत नाही म्हणून आमच्या घरात त्याचं 'ए.एस.' झालं. या नावातल्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांनी गावोगाव घोळ घातलाय. 'स्पाँडिलोसिस' म्हणजे वयानुसार होणारी मणक्यांची झीज, ज्यासाठी मानेला पट्टा लावून फिरणारे काका प्रत्येक गल्लीत दिसतात. 'स्पाँडिलायटिस' मात्र दाहाचा आजार आहे. काही डॉक्टरसुद्धा बोलताना दोन्हीला एकच शब्द वापरतात, मग पेशंटने काय समजायचं? ए.एस.मध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उठते. सुरुवात बहुधा कण्याच्या तळाशी होते, माकडहाडाच्या वर जिथे कणा दोन्ही बाजूंनी कमरेच्या हाडांत बसवलेला असतो तिथल्या सांध्यांत. म्हणून पहिली तक्रार असते ती ढुंगणात खोलवर दुखण्याची, कधी उजवीकडे, कधी डावीकडे.

जिथे स्नायूंचे दोर हाडाला बांधलेले असतात तिथे सूज येते. ती सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली की शरीर आपल्या परीने डागडुजी करायला जातं आणि नको तिथे नवं हाड घालतं. मणके एकमेकांना जुळत जातात. एक्स-रेवर असा कणा बांबूसारखा दिसतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्याकडे ऊस म्हटलं तरी चालेल, पेरं तशीच दिसतात. सगळ्यांचाच कणा तिथवर जातो असं मात्र नाही.

हे दुखणं ओळखायची खूण सोपी आहे आणि नेमकी तीच घरच्यांना पटत नाही. खुरपणी करून, पोती उचलून जी कंबर धरते ती पडून राहिलं की सुटते. ए.एस.ची कंबर पडून राहिलं की आणखी धरते आणि चाललं-फिरलं की सुटते. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, माणूस उठून अंगणात येरझाऱ्या घालतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या वर टिकतो. हे सगळं चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेलं असतं आणि तीन महिन्यांहून जास्त चाललेलं असतं. भाचा रात्री फिरायचा तेव्हा ताईला वाटलं, पोरगं कुणाच्या प्रेमाबिमात पडलं.

जगभरात या आजाराचं निदान व्हायला सरासरी सहा-सात वर्षं लागतात. आमच्याकडे ती वर्षं कशी गेली ते सांगतो. आधी 'उसण भरली' म्हणून चोळणं झालं. मग वात म्हणून तेल. मग गावातल्या एका पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घेणं. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाय लावला की चमक जाते, ही समजूत मराठवाड्यात किती घट्ट आहे हे वेगळं सांगायला नको. साध्या उसणीत त्याने फार बिघडत नसेल. पण आखडून जुळलेला कणा आतून ठिसूळही झालेला असतो. अशा पाठीवर लाथ, किंवा हाडवैद्याने मानेला दिलेला झटका, यातून मणका मोडू शकतो आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते. भाच्याचा कणा तेव्हा जुळलेला नव्हता, म्हणून वाचला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा लेख हात जोडून वाचायला सांगेन.

निदान झालं ते एमआरआय आणि रक्ताच्या तपासणीवर. एच.एल.ए.-बी २७ नावाची एक जनुकीय खूण आहे. तिचा या आजाराशी संबंध १९७३ साली लक्षात आला. ती सापडली म्हणजे आजार आहेच असं मुळीच नाही, ही खूण अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. डॉक्टरांनी त्याहून साधी तपासणीही केली, तीच मला जास्त पटली. भाच्याला शर्ट काढून उभं केलं, कमरेच्या खळग्यांच्या रेषेत पेनाने एक खूण केली, तिच्या वर बरोबर १० सेंटिमीटरवर दुसरी. मग वाकायला सांगितलं. निरोगी पाठीवर त्या दोन खुणा ताणून १५ सेंटिमीटरच्या आसपास जातात. त्याच्या पाठीवर टेप १२ वरच थांबला.

आता पाण्याकडे येऊ.

गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं तर सांध्यांवर शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा येतो. छातीपर्यंत पाणी असेल तर तिसरा हिस्सा, कमरेपर्यंत असेल तर निम्मा. म्हणजे साठ किलोचा भाचा गळाभर पाण्यात सहा किलोचा होतो. जमिनीवर जो पाय उचलताना तो कण्हतो तोच पाय पाण्यात आपोआप वर येतो. दुसरं काम उष्णतेचं. रक्तवाहिन्या सैलावतात, दुखऱ्या सांध्याला जपण्यासाठी ताठ धरून बसलेले स्नायू सुटतात, आणि कातडीवरून मेंदूकडे जाणारी ऊबेची जाणीव दुखण्याच्या संदेशाला मागे सारते. तिसरं म्हणजे पाण्याचा दाब. तो छातीवर चहूकडून येतो, त्यामुळे श्वास घेणं हाच एक व्यायाम होऊन बसतो. ए.एस.मध्ये बरगड्यांचे सांधेही आखडतात, छाती पुरती फुगत नाही, तेव्हा हा व्यायाम उपयोगाचा. पहिल्या दिवशी मात्र दम लागल्यासारखं वाटतं, घाबरायचं नाही.

यातलं काहीही उनकेश्वरच्या पाण्यापुरतं नाही. कोणत्याही कोमट, खोल पाण्यात हे होतं. मग गंधकाचं, खनिजांचं काय? युरोपात हा प्रश्न शेकडो वर्षं चघळला जातोय.

इंग्लंडमध्ये बाथ नावाचं शहरच आहे, गरम झऱ्यावर वसलेलं. रोमन लोकांनी तिथे स्नानगृहं बांधली. पुढे १७३८ साली खनिज पाण्याने उपचार करणारं रुग्णालय तिथे स्थापन झालं, आणि तेच नंतर सांधेदुखीच्या आजारांचं मोठं केंद्र बनलं. आज जगात कुठेही, अगदी संभाजीनगरातही, ए.एस.च्या पेशंटला डॉक्टर सहा प्रश्न विचारून शून्य ते दहाचा आकडा काढतात. थकवा किती, पाठ किती दुखते, बाकीचे सांधे कसे, हात लावला की कुठे दुखतं, सकाळचा ताठरपणा किती आणि किती वेळ. चार किंवा त्याहून वर आकडा गेला की आजार जागा आहे असं धरतात. या मोजपट्टीला बासडाई म्हणतात, आणि त्यातला पहिला 'बा' म्हणजे बाथ. गरम पाण्याच्या गावाने जगाला जे दिलं ते पाणी नव्हे, मोजमाप, याची मला गंमत वाटते.

पाण्याची खरी परीक्षा हॉलंडच्या संशोधकांनी घेतली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. ए.एस.चे १२० पेशंट, चाळीस-चाळीसचे तीन गट. एक गट ऑस्ट्रियातल्या बाड होफगास्टाइनला पाठवला, दुसरा हॉलंडमधल्याच आर्सेन इथल्या उपचारकेंद्रात, तिसरा घरी राहिला. घरी राहिलेल्यांची औषधं आणि आठवड्यातून एकदाचा सामूहिक व्यायाम चालूच होता. बाकीच्या दोघांना तीन आठवडे रोज व्यायाम, चालणं, उताणं पडून पाठ सरळ करणं, पाण्यातल्या हालचाली आणि खेळ. शिवाय ऑस्ट्रियात डोंगरातल्या एका उष्ण, दमट बोगद्यात पडून राहायचं. हा बोगदा सोन्याच्या शोधात खणलेला. सोनं काही लागलं नाही, पण खणणारे म्हणाले आमचे सांधे दुखायचे थांबले. त्या हवेत रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू आहे. हॉलंडमध्ये त्याऐवजी सौना, म्हणजे गरम हवेची खोली.

तीन आठवडे संपल्यावर दोन्ही गट घरी राहिलेल्यांपेक्षा स्पष्ट बरे होते. तो फरक महिनोन्‌महिने टिकला, ऑस्ट्रियाला गेलेल्यांत तर चाळिसाव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे अशा उपचाराचा फायदा होतो, हे खरं. पण कशामुळे होतो ते सांगा! रेडॉनमुळे? डोंगराच्या हवेमुळे? की तीन आठवडे कामाला सुट्टी, डोक्याला शांतता, रोज व्यायाम करून घेणारा माणूस आणि तसंच दुखणं असलेल्या एकोणचाळीस जणांची सोबत, यामुळे? गोळीची परीक्षा घेताना एकाला खरी, एकाला पिठाची गोळी देता येते. गंधकाच्या पाण्याचा वास कसा लपवणार? पेशंटला कळतंच आपण कशात बसलोय. माझं मत विचाराल तर मोठा वाटा रोजच्या व्यायामाचा, त्याच्या खालोखाल ऊबेचा, आणि खनिजांचा उरलासुरला. कातडी हा काही सच्छिद्र माठ नाही, पाण्यातले क्षार सहजासहजी आत झिरपत नाहीत. रेडॉनच्या मागे तर मुळीच लागू नये, फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक सिद्ध झालेलं कारण आहे.

फ्रान्स-जर्मनीत अशा उपचारांचा खर्च विमा उचलतो, फ्रान्समध्ये तीन आठवड्यांचा कोर्स ठरलेला असतो. आणि आपण? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात 'रोज अर्धा तास गळाभर कोमट पाण्यात उभे राहा' असं सांगणाऱ्याकडे लोक जरा विचित्र नजरेने बघतात.

भाच्याचा एक मित्र म्हणाला, "खनिजांचंच पाहिजे ना? मग आमच्या बोअरचं घ्या, बादलीला पांढरा थर बसतो." हसण्यावारी नेलं, पण त्यात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत, किनवटच्या बाजूलाही, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पिण्यात गेलं तर आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग, मग सांधे ताठ, कण्याचे दोर हाडासारखे कडक आणि माणूस कमरेत वाकलेला. लांबून बघितलं तर हुबेहूब ए.एस. फरक त्या तळाच्या सांध्यांत कळतो. ए.एस.मध्ये ते कुरतडल्यासारखे होतात, फ्लोराइडने सहसा होत नाहीत. त्या पट्ट्यातला कुणी ताठ पाठ घेऊन आला तर डॉक्टरांनी दातही बघावेत आणि घरचं पाणीही तपासून घ्यावं.

गरम झऱ्याच्या पाण्यातही फ्लोराइड अनेकदा जास्त असतं, कारण ते येतंच तसं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं. दर किलोमीटरला जमीन पंचवीस-तीस अंशांनी तापत जाते. तिथे तापलेलं पाणी खडकातले क्षार विरघळवत दुसऱ्या भेगेने वर येतं. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टच्या जाड थराखाली झाकलेला, किनवटकडे मात्र जुना ग्रॅनाइट वर डोकावतो. कोकणात तुरळ, राजापूर, उन्हवरे, ठाण्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी, जळगावकडे उनपदेव अशी कुंडांची रांग असताना आपल्या वाट्याला हे एक उनकेश्वर. तिथलं तीर्थ म्हणून ओंजळभर घेतलं तर घ्या, बाटल्या भरून घरी नेऊन पिऊ नका.

आम्ही गेलो ते थंडीत. पैनगंगेचा काठ, महादेवाचं देऊळ, शरभंग ऋषींची आणि रामाच्या बाणाची कथा. अंडं कुजल्यासारखा हलका वास, तोच गंधकाचा. तिथे येणारे बहुतेक कातडीच्या रोगांसाठी येतात. आमच्या शेजारी बसलेल्या एका आजोबांच्या कोपरांवर खवल्यांचे जाड चट्टे होते, सोरायसिसचे. बोलता बोलता म्हणाले, "सकाळी उठून पाठ सरळ व्हायला मला बी येळच लागतो बाबा." भाच्याने माझ्याकडे बघितलं. सोरायसिस आणि कण्याचा दाह हे एकाच घराण्यातले आजार आहेत. आतड्यांचा दाह आणि डोळ्याच्या आतला दाह हेही त्यांचेच भाऊबंद. त्या आजोबांना आम्ही एका कागदावर कोणत्या डॉक्टरला दाखवायचं ते लिहून दिलं.

डोळ्याचं लक्षात ठेवा. ए.एस.च्या माणसाचा एक डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर 'कुंडातलं पाणी गेलं असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, दृष्टी जाऊ शकते.

कुंडातली पहिली भीती पाण्याची नाही, शेवाळाची. जुळलेल्या कण्याला साधं घसरून पडणंही पुरतं. भाच्याला मी रबरी तळाची चप्पल घालूनच पायरीवर उतरवलं, एक हात धरून. झरा जिथे फुटतो तिथलं पाणी फार कढत वाटलं तर लांब बसायचं. अंगाला सुखाचं वाटेल इतपत, ३६ ते ३८ अंश, पंधरा-वीस मिनिटं. चाळीसच्या वर नको. उठताना सावकाश, कारण रक्तदाब उतरलेला असतो. ताप, उघडी जखम, हृदयाचा त्रास किंवा पोटात बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचंच नाही.

आणि डुबकी मारायची नाही. हे भाविकांना सांगणं अवघड जातं, पण कोमट-गरम साचलेल्या पाण्यात एक अमिबा असतो, नेग्लेरिया. प्यायला तर काही करत नाही, नाकातून वर चढला तर मेंदू खातो. १९७८ साली बाथमध्येच त्या पाण्यात पोहलेली एक मुलगी याने दगावली आणि ते स्नानगृह पोहणाऱ्यांसाठी बंद करावं लागलं. डोकं कोरडं ठेवलं तर पुण्य कमी होत नसावं. जे प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं घेतात त्यांनी गर्दीच्या दिवशी सार्वजनिक कुंड टाळलेलंच बरं.

इंजेक्शनांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गरम पाण्याने मणके जुळायचे थांबतात असा पुरावा नाही. सुरुवातीचा उपचार म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब यांसारख्या, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवून. त्यांनी भागलं नाही तर टीएनएफ नावाच्या दाहक रेणूला अडवणारी इंजेक्शनं. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करतातच, कारण अंगात झोपलेला टीबी या औषधाने जागा होतो, आणि आपल्याकडे तो कितीतरी जणांच्या अंगात झोपलेला आहे. बिडी-सिगारेट या आजाराला खतपाणी घालते. भाच्याने ती सोडली, तंबाखूवर मात्र आमची अजून बोलणी चालू आहेत.

मग उनकेश्वर नसलेल्या उरलेल्या दिवसांचं काय? ताईचा बंब. सकाळी कढत पाणी अंगावर घेतल्यावर जी अर्ध्या तासाची मोकळीक मिळते ती चहा पीत, मोबाइल बघत घालवायची नाही, हे त्याला समजायला दोन महिने लागले. आता तो अंघोळ झाली की लगेच सतरंजी टाकतो. पालथा पडतो, कोपरांवर छाती उचलतो, गुडघे एकत्र धरून कंबर दोन्हीकडे फिरवतो, दीर्घ श्वास घेऊन छाती फुगवतो. शेवटी भिंतीला टाचा, ढुंगण, खांदे टेकवून उभा राहतो आणि डोक्याचा मागचा भाग टेकतो का ते बघतो. टेकत नसेल तर मधे बोटं घालून मोजतो. भिंतीवर तेलाचा डाग पडलाय, ताई कुरकुरते, पण रंग काढत नाही.

उन्हाळ्यात शेतातल्या विहिरीचं पाणी दुपारी वरून तापलेलं असतं, तेव्हा पोहतो. पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं आता कामाला आलं. उताणं पोहणं पाठीला सर्वांत सोयीचं, बेडूकपोहण्यात मान सारखी वर धरावी लागते. वरून सूर मारायला मात्र कायमची बंदी.

उनकेश्वरला चार दिवस राहून बरं वाटलं का, तर हो. चौथ्या दिवशी मोजे वीस मिनिटांत पायात. पण परतीच्या गाडीत किनवटपासून नांदेडपर्यंत तो एका जागी बसून राहिला, मीही काही बोललो नाही, आणि घरी उतरताना पाठ पुन्हा लाकूड. पुढच्या वेळी ताईने गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलंय, भोकरला दहा मिनिटं थांबायचं, पोराला चालवायचं.